मोठी परात आहे का हो?

नव्या घरात राहायला गेलं की पहिल्या दिवशी शेजारची बाई चहाची किटली घेऊन येते, अशी जगाची रीत आहे. शालिनी अक्का पहिल्या दिवशी आमच्याकडे आल्या आणि परात घेऊन गेल्या.

टेंपो अजून दारात होता. बेंगळुरूत बसवनगुडीचं आमचं भाड्याचं घर पाडून मालक तिथे उंच इमारत उठवणार होता, म्हणून माझ्या नवऱ्याच्या आत्याचं रिकामं पडलेलं घर आम्ही घेतलं. शिवाजीनगरच्या बाजारामागे, एका अरुंद गल्लीत. सासूबाई गुंडाळलेल्या गादीवर बसून बसवनगुडीचा शोक करत होत्या. "तिथे देवळाची घंटा ऐकून जाग यायची. इथे काय ऐकायचं? कोंबडी! तीही दुकानातली!" माझा नवरा श्रीधर सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहे. असल्या प्रसंगी तो कुठलातरी स्क्रू शोधायला निघून जातो. तसा तो गेला होता.

एवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. बुटकी, गोल, कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला खांद्यावर ही भली मोठी सेफ्टी पिन आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मनगटावर पुरुषी घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला वळवलेली. खांद्याला कापडी पिशवी, रिकामी.

"सलाम, माई," ती सासूबाईंना मराठी ख्रिस्ती लोकांच्या पद्धतीने म्हणाली.

त्या गल्लीत मराठी ऐकून सासूबाईंचे डोळेच भरून आले. "तुम्ही मराठी?"

"हो तर! नगरची. लग्न होऊन इथे आले, त्याला जमाना झाला. मघाशी तुम्ही टेंपोवाल्याला जे बोललात ना, ते चर्चच्या पायरीवर ऐकलं मी. इतकं बरं वाटलं! तो शब्द माझ्या आजीनंतर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बाई पुढे सरकल्या, खोक्यांकडे नजर टाकली आणि अगदी आपल्याच घरात विचारावं तशा म्हणाल्या, "मोठी परात आहे का हो?"

परात होती. कुठल्या खोक्यात आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण बाईंना दोन मिनिटांत सापडली. सासूबाईंच्या लग्नातली पितळी परात, बाळाला अंघोळ घालता येईल एवढी. ती डोक्यावर टोपीसारखी धरून, "शनिवारी मुलांसाठी पोहे भिजवायचेत" असं सांगून बाई गेल्यासुद्धा.

सासूबाईंनी खोक्यात उरलेली भांडी मोजली. मग म्हणाल्या, "ही द्यायला आली होती की न्यायला?"

न्यायला. शालिनी अक्का कायम न्यायलाच येत. आमच्या गल्लीत असं एकही घर नव्हतं ज्याची एखादी वस्तू त्यांच्याकडे नव्हती. मटणाच्या दुकानवाल्या शमीमआपांची बिर्याणीची डेग, इस्त्रीवाल्या मुरुगनचं लाकडी बाक, सलूनवाल्याचा आरसा. पुण्याहून आयटीत नोकरीला आलेली केतकी वरच्या मजल्यावर राहायला आली, तर तिसऱ्या दिवशी तिचा एअर फ्रायर चर्चमध्ये होता. "दीदी, आय डोन्ट नो हाऊ," ती मला जिन्यात म्हणाली, "त्या फक्त म्हणाल्या, हे काय असतं गं? मी दाखवायला लागले आणि मग तो त्यांच्या हातात होता."

गल्लीच्या तोंडाशी एक लहानसं पिवळं चर्च आहे. त्याच्या मागे पत्र्याचा हॉल. त्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी अक्का गल्लीतली सगळी मुलं गोळा करत. ख्रिस्ती मुलं मोजकीच, बाकी तमिळ, कानडी, उर्दू, आमची मराठी, जे पोर रस्त्यावर दिसेल ते. गाणी, गोष्ट, शाळेचा अभ्यास आणि खाऊ. चर्चवाले त्याला वस्तीतल्या मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी काम असं भारदस्त नाव देत. गल्ली त्याला 'अक्काचा शनिवार' म्हणे.

वस्तू मागण्यामागे अक्कांचं शास्त्र होतं. ते त्यांनी मला एकदा आमच्याच स्वयंपाकघरात, आमचीच किसणी पिशवीत टाकता टाकता सांगितलं.

"लग्न होऊन आले तेव्हा आम्ही चर्चमंडळीच्या बाया दर नाताळात घरोघर केक वाटायचो. लोक दार एवढंसं उघडायचे," त्यांनी बोटभर फट दाखवली, "केक आत, दार बंद. पुढे तो केक कोपऱ्यावरची गाय खायची. माझा केक खाऊन खाऊन त्या गाईचं नाताळात वजन वाढायचं. एका वर्षी ऐनवेळी साखर संपली. मी शमीमच्या सासूकडे गेले, वाटीभर साखर मागितली. अगं, दार सताड उघडलं! बसवलं मला. चहा दिला. दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतः विचारायला आली, झाला का तुझा केक? आणि खाल्ला की तिने. तिची साखर होती ना त्यात."

त्यांनी पिशवीचा बंद आवळला. "तेव्हापासून मी कोणाला काही द्यायला जात नाही. आपण काही दिलं की माणूस विचार करतो, हिला काय पाहिजे असेल? आपणच आधी मागून टाकलं की त्याचा जीव भांड्यात पडतो."

"आणि वस्तू?"

"ती येऊन घेऊन जावी की. मी कुठे नाही म्हणते?"

न्यायला गेलं की त्या म्हणत, "आलीच आहेस तर एवढे कांदे चिरून दे."

गोष्टी सांगाव्यात तर अक्कांनी. माझी मनू त्या गोष्टी घरी येऊन हावभावांसकट करून दाखवायची. अक्कांच्या गोष्टीतला नोहा शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे तारू बांधायचा, आणि शेजारी त्याला विचारायचे, परवानगी घेतली का? पाणी बेळ्ळंदूरच्या फेसाळ तळ्याकडून यायचं, फेसासकट. बायबलातला तो राक्षसी गल्याथ पाण्याचा टँकर चालवायचा, उलटा, हॉर्न न देता. हरवलेल्या मेंढराची गोष्ट मात्र त्यांना एकदाच सांगता आली. मेंढपाळ बाकीची सगळी मेंढरं रानात सोडून त्या एका मेंढराला शोधायला गेला, असं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, तेवढ्यात शमीमआपांची रुखसार उभी राहिली.

"अक्का, बाकी मेंढरांको कौन देख रा था?"

ती खाटकाची लेक. तिला रास्त चिंता होती. अक्का डोळे पुसून म्हणाल्या, "बेटा, हे मी पाळकसाहेबांना विचारून सांगते." चर्चच्या पाळकसाहेबांनी काय उत्तर दिलं कोण जाणे. पुढच्या शनिवारी पुन्हा नोहाच आला.

मनूला तिथे पाठवायला सासूबाई सुरुवातीला तयार नव्हत्या. त्यांनी अक्कांना दारातच गाठलं. सासूबाईंचं मराठी तीन पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं. "हे बघा, मी स्पष्ट बोलते. आमची पोरगी तिकडे आली की तिला तुमच्या धर्मात ओढणार नाही ना?"

अक्का दुखावल्या नाहीत. उलट पायरीवर ऐसपैस बसल्या. "माई, आमचे हे होते ना, जन्माचे ख्रिस्ती. पाळकाचा नातू! संसारभर मला त्यांना रविवारी वेळेवर चर्चला आणता आलं नाही. उपासना संपता संपता यायचे आणि विचारायचे, चहा आहे का? शेवटी गेले तेव्हा तेवढे पहिल्यांदा वेळेवर पोचले, तेही लोकांनी उचलून नेलं म्हणून. मला माझा नवरा वळवता आला नाही, तुमची पोरगी कशी वळवू?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "प्रार्थना करते मी. तिच्यासाठी करते, तुमच्या गुडघ्यांसाठीही करते. ती लपवणार नाही. चालेल?"

सासूबाईंना हसू आवरेना. "सरी, सरी. गुडघ्यांसाठी करा. पण पोरगी तिथलं खाणार नाही."

"बरोबर आहे. मग तुम्हीच काहीतरी करून पाठवा तिच्यापुरतं."

"इडली पाठवीन."

"पाठवा. पण एकटीने खाल्लेलं बरं दिसेल का, माई? एवढी पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसणार."

ज्या सासूबाई नातीला चर्चचा घासही खाऊ द्यायला तयार नव्हत्या, त्या पुढच्या शनिवारपासून अख्ख्या चर्चला इडल्या पुरवू लागल्या. पहाटे उठून पीठ बघायचं, दुपारी वाफाळतं इडलीपात्र श्रीधरच्या स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत पोचवायचं. फाटकापर्यंतच. आत सासूबाईंनी पाऊल टाकलं नाही. कोणीच टाकत नव्हतं. शमीमआपा फाटकातून रुखसारला आत ढकलत आणि दुकानाकडे पळत. केतकी फाटकाबाहेर उभी राहून कानातल्या फोनशी बोलत असे. कांदे चिरायचे तेही फाटकाशी कट्ट्यावर बसून. पोरं आत, भांडी आत, घरची माणसं फाटकाबाहेर.

हेच जेकब सरांनी हेरलं.

जेकब सर म्हणजे चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. उंच, शिडशिडीत, मूळचे केरळचे, बँकेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कोणी हसताना पाहिलं नव्हतं. एका लहान मुलांच्या शाळेला तो हॉल शनिवारसकट आठवडाभर हवा होता, आणि कमिटीतल्या बऱ्याच जणांना ते पटलं होतं. सरांनी अक्कांना बोलावून इंग्रजीत जे सांगितलं ते मराठीत असं: "अक्का, मुलं खाऊसाठी येतात. खाऊ जिथे असेल तिथे मुलं जाणारच. पण आपण म्हणतो की हे काम कुटुंबांसाठी आहे. कुटुंबं कुठे आहेत? इतक्या वर्षांत एक आई आत येऊन बसलेली मी पाहिली नाही. नाताळाआधीच्या शनिवारी मुलांचं नाटक आहे ना? कमिटी बघायला येईल. कुटुंबं आत दिसली तर चालू ठेवू. नाही तर जानेवारीपासून हॉल शाळेला."

त्या दिवशी अक्का आमच्याकडे आल्या आणि त्यांनी काहीही मागितलं नाही. सासूबाई घाबरल्या. "बरं नाहीये का?" त्यांनी विचारलं. अक्कांनी चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि सगळं सांगितलं.

"तो बरोबर बोलतोय, माई. मला वाटत होतं मी दारं उघडतेय. दारं उघडली, पण माझ्यासाठी. मी सगळ्यांच्या घरात गेले. माझ्या घरात कोणी आलंच नाही."

मग त्या प्रत्येक घरी आमंत्रण करून आल्या. सगळे 'हो' म्हणाले. बेंगळुरूत 'हो' कसं म्हणतात ते इथे राहिलेल्यांना ठाऊक आहे. शमीमआपा म्हणाल्या, "हौ अक्का, आती ना! मगर शनिवार को दुकान में क्या भीड़ रहती, तुमको मालूमच है." केतकी म्हणाली, "आय विल डेफिनेटली ट्राय, अक्का." मुरुगन इस्त्री न थांबवता 'सरी, सरी' म्हणाला. आणि आमच्या सासूबाई, ज्यांच्या इडल्यांवर तो हॉल उभा होता, त्या म्हणाल्या, "मी येईन हो, पण गुडघे. फाटकापासून आत केवढं लांब आहे!"

फाटकापासून हॉल म्हणजे आमच्या ओट्यापासून न्हाणीघर.

अक्का कोणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. "बघा, जमलं तर," एवढंच. आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट केली. त्यांनी सगळ्यांच्या वस्तू स्वतःहून आणून दिल्या.

हातगाडीवर सगळा संसार लादून त्या गल्लीतून फिरल्या. प्रत्येक दारात एक वस्तू ठेवायची, घंटी वाजवायची आणि पुढे जायचं. मी दार उघडलं तेव्हा हातगाडी कोपऱ्यावर वळली होती, आणि आमच्या उंबऱ्यावर, तुळशीच्या अगदी शेजारी, शमीमआपांची बिर्याणीची डेग बसली होती.

सासूबाईंनी वास घेतला. एकदाच. मग त्या "अय्यय्यो, नारायणा!" असं जे ओरडल्या, त्याने श्रीधर स्क्रू टाकून धावत आला.

"माझं इडलीपात्र कुठे आहे? गेल्या शनिवारपासून तिच्याकडेच होतं!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "ही डेग इथे, म्हणजे माझं पात्र..." आणि पुढचं वाक्य त्यांना पूर्ण करवेना. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या इडलीपात्राच्या वाट्यावाट्यांत खिमा दिसत होता.

डेग घरात घेता येईना, रस्त्यावरही सोडता येईना. शेवटी श्रीधरने ती स्कूटरच्या सीटवर ठेवून वर रेनकोट घातला. अंधारात ती कोणी जाडी बाई स्कूटरवर बसल्यासारखी दिसत होती.

सकाळी गल्लीत हलकल्लोळ. एकाही घरात आपली वस्तू नव्हती. केतकीच्या दारात सलूनवाल्याचा आरसा. सलूनवाल्याकडे कोणाचा तरी पाळणा. केतकीचा एअर फ्रायर मुरुगनकडे पोचला होता आणि त्याने तो ओले मोजे वाळवायचं यंत्र समजून चालवूनही बघितला होता. "गुड मशीन, मॅडम," तो केतकीला म्हणाला. केतकी तिथेच खाली बसली.

अक्कांचा फोन बंद. घराला कुलूप. पोरं सकाळीच नाटकासाठी चर्चच्या हॉलवर गेली होती, आणि तिथून मात्र पेटीचा आवाज येत होता.

"चला," सासूबाई म्हणाल्या. पदर खोचला. श्रीधरने डेग हातभर लांब धरली, खाली वर्तमानपत्र. केतकीने आरसा उचलला. मुरुगन एअर फ्रायर घेऊन निघाला, जरा नाखुशीनेच. घराघरातून माणसं चुकीच्या वस्तू घेऊन बाहेर पडत होती. सगळ्यांत पुढे आमच्या सासूबाई. ज्या गुडघ्यांना फाटक ते हॉल झेपत नव्हतं, ते गुडघे फाटकातून आत शिरले तेव्हा मी अक्षरशः मागे पळत होते.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत कमिटी बसली होती. जेकब सर मधोमध. मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मंचावर चांदीच्या कागदाचा तारा आणि पडद्याच्या फटीतून डोकावणारी पोरं. आणि बाजूला पेटीवर अक्का, नाताळची कडक साडी नेसून, चेहरा असा शांत की जणू त्यांनी आयुष्यात कधी हातगाडी पाहिलीच नव्हती.

"माझं पात्र!" सासूबाई गरजल्या.

मग जे झालं ते लिहिणं कठीण आहे. सगळे एकदम बोलत होते, पाच भाषांत. आरसा एका खुर्चीवर, पाळणा दुसऱ्या, माणसं वाट काढत एकमेकांच्या हातातलं हिसकावतायत. त्या गर्दीत समोरून शमीमआपा आल्या. दुकान सोडून. दोन्ही हातांवर नव्याकोऱ्या ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

त्यांनी ओढणी उलगडली. आत इडलीपात्र, लखलखीत.

"अम्मा, मैं हात बी नै लगाई," शमीमआपा म्हणाल्या. "घर में गोश्त पक रा था ना, इसलिए ओढनी में लपेट के अलमारी के ऊपर रखी. बच्चों को बी बोली, ये इडली अम्मा का है, कोई छूना नक्को."

सासूबाईंनी पात्राकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं. मग मागे वळून श्रीधरकडे, त्याच्या लांब धरलेल्या हातांकडे आणि डेगेखालच्या वर्तमानपत्राकडे पाहिलं. त्या पुढे झाल्या, वर्तमानपत्र काढून स्वतःच्या काखेत दडवलं, डेग दोन्ही हातांनी घेतली आणि शमीमआपांपुढे धरली.

"आम्ही पण," त्या म्हणाल्या, "अगदी जपून ठेवली होती."

डेगेने रात्र स्कूटरवर रेनकोट घालून काढली होती. शमीमआपा हसल्या. "बैठो ना अम्मा, खड़े खड़े घुटने दुखेंगे." आणि सासूबाई बसल्या. मांडीवर इडलीपात्र घेऊन, शेजारी शमीमआपा, त्यांच्या मांडीवर डेग. त्या बसल्या म्हणून मागचे बसले. पेटीवर सूर लागला आणि पडदा सरकला.

नाटक येशूच्या जन्माचं. मरीया झाली होती रुखसार; शमीमआपा आजूबाजूला सांगत होत्या, "हमारे में बी मरियम बीबी हैं ना." मेंढपाळ आले, देवदूत आला, पंख सांभाळत गेला. मग पूर्वेकडचे तीन राजे आले. तिसरा राजा म्हणजे आमची मनू, सासूबाईंची जरीची शाल पांघरून. राजांनी बाळापुढे गुडघे टेकले आणि तिथेच थांबले.

कारण भेटवस्तू नव्हत्या. सोनं म्हणून आणलेला पितळी तांब्या, ऊद म्हणून अत्तराची बाटली, सगळं शुक्रवारी हातगाडीवरून कुठल्या ना कुठल्या दारात गेलं होतं. पहिला राजा दुसऱ्याकडे बघू लागला, दुसरा तिसऱ्याकडे. सरांच्या कपाळावर आठी चढली.

मनूने शाल सावरली. अक्कांच्या हाताखाली वाढलेली पोर. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी गेलं की काय म्हणायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती मरीयेपुढे वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सलाम. मोठी परात आहे का हो?"

रुखसारने इकडेतिकडे पाहिलं. परात होती. बाळ येशू तिच्यातच निजला होता, गवताच्या पेंढीवर. व्यवहारी मुलगी; तिने बाळाला उचलून योसेफाच्या हातात दिलं, गवत झटकलं आणि परात मनूपुढे केली.

"ले जा. मगर धो के देना."

आणि मग मागून सासूबाई किंचाळल्या, "अय्यो, ती माझी परात आहे! इतकी वर्षं वाट बघतेय मी!"

हॉल हशाने दणाणला. शमीमआपा डेगेवर डोकं ठेवून हसत होत्या. केतकी आरशाआड. मुरुगनला काही कळलं नव्हतं, पण तो सगळ्यांत जोरात हसत होता. आणि पहिल्या रांगेत जेकब सरांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं ठसका लागला. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि मागे वळून भरलेल्या हॉलकडे, भांड्यांकडे, मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या आयांकडे पाहिलं.

"अक्का," ते शेवटी म्हणाले, "ही कुटुंबं?"

"हो सर. सामानासकट."

हॉल शाळेला गेला नाही. सरांनी अक्कांना फक्त एक ताकीद दिली, यापुढे कोणाची वस्तू स्वतःहून पोचवायची नाही.

मी अक्कांना एकटीला गाठून विचारलंच. "खरं सांगा. एकही वस्तू बरोबर घरी गेली नाही. असं कसं झालं?"

"वय झालं गं पोरी," अक्का डोळे चोळत म्हणाल्या. "दिसतच नाही हल्ली. ही कोणाची, ती कोणाची." आणि बोलता बोलता, दोरा जिभेवर ओला करून, त्यांनी सुई एका फटक्यात ओवली आणि देवदूताचा फाटलेला पंख शिवायला घेतला.

परात घरी आली. सासूबाईंनी चिंच लावून घासली. दुसऱ्या दिवशी अक्का दारात हजर. सासूबाईंनी काही न विचारता ती त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर बरीच वर्षं अक्कांचे शनिवार भरत राहिले, आता फाटक उघडं ठेवून. सासूबाई आणि शमीमआपा स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसत आणि एकमेकींच्या मिठावरून भांडत. गेल्या वर्षी अक्कांचा मुलगा त्यांना बेळ्ळंदूरला घेऊन गेला, तिथल्या एका उंच इमारतीत. त्यांनी जायला आढेवेढे घेतले. पण चर्चच्या पायऱ्या त्यांना खरोखरच चढवेनात. निघताना गल्लीने त्यांना द्यायला काय काय आणलं होतं. त्यांनी काही घेतलं नाही. फक्त सासूबाईंना म्हणाल्या, "माई, परात नेऊ का? देईन आणून."

"ने," सासूबाई म्हणाल्या. "कधी आणून दिलीयस!"

अक्कांचे फोन यायचे. पहिल्यांदा त्यांचा आवाज मला पडलेला वाटला. "इथे कोणाला काही मागायची सोयच नाही गं. मीठ संपलं की फोन दाबतात, दुकानाचा पोरगा मीठ घेऊन दारात. सगळ्यांकडे सगळं आहे. एकेका मजल्यावर इतकी पोरं आहेत, लिफ्टमध्ये भेटतात, पण त्यांची नावं माहीत नाहीत मला. मी काय मागू?"

हे ऐकून सासूबाईंना राहवेना. "जाऊन बघून ये तिला," त्या मला म्हणाल्या. "परातीचं निमित्त सांग."

शनिवार होता. बेळ्ळंदूरच्या त्या रस्त्याला माझी अर्धी दुपार गेली. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने येण्याचं कारण विचारलं. "परात न्यायला," मी म्हटलं. त्याने हे मोबाइलमध्ये कसं टाकलं देव जाणे. वर गेले तर दार सुनेने उघडलं. "आई? मघाशीच बाहेर पडल्या. खाली बागेत असतील बघा."

मी लिफ्टने खाली निघाले. मधल्याच एका मजल्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं. आत कोणी आलं नाही.

समोर लांबलचक कॉरिडॉर. एका बंद दारापुढे अक्का उभ्या. पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला रिकामी पिशवी, पदराला सेफ्टी पिन. दार बोटभर उघडलेलं, साखळी लावलेली. फटीत एक तरुण आई, आणि तिच्या खाली, तिच्या गुडघ्याशी, एक लहानसा डोळा.

"सलाम, मा," अक्का त्यांच्या इंग्रजीत म्हणत होत्या. "बिग वेसल इज देअर? व्हेरी बिग? फॉर चिल्ड्रन."

फटीतली बाई गोंधळली. वळून घरात पाहिलं. मग साखळी खुळखुळली, आणि दार सताड उघडलं.

आत पाऊल टाकण्याआधी अक्कांनी मान वळवली. मी दिसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसरा हात त्यांनी पाठीमागे धरला होता, घरातल्यांना दिसू नये असा, आणि त्या हातात, त्यांच्या कमरेमागे न मावणारी, चकचकीत घासलेली आमची परात होती.

लिफ्टचं दार मिटलं. मी हात हलवत घरी आले.